फुकटची मुळी

घरात बाळंतपण झाले की चार दिवसांत कुणीतरी शतावरी कल्पाचा डबा घेऊन येतेच. अळीव, डिंक, बाळंतकाढा आणि हा डबा, एवढे सामान मराठी घरात विनातक्रार आत घेतले जाते. दुधात दोन चमचे घालायचे, ढवळायचे, बाळंतिणीला प्यायला द्यायचे. डब्यावर हिरव्या झुडपाचे चित्र असते, आत वेलदोड्याचा वास असतो, आणि घटकांची यादी डोळे बारीक करून वाचली तर बहुतेक डब्यांत औषधापेक्षा साखरच जास्त निघते. एक गोष्ट मात्र त्या डब्यावर कुठेच छापलेली नसते. मुळी आली कुठून? शेतातून की रानातून, कुठल्या जिल्ह्यातून, कुणी खणली?

माझे म्हणणे या न छापलेल्या ओळीबद्दल आहे. शतावरीच्या धंद्यात रानातली मुळी फुकट धरली जाते. तिच्यामागची मजुरी तेवढी मोजतात, आणि तीही हात आखडूनच. रानात पुन्हा झुडूप उभे राहायला काय लागते, हा खर्च कुणाच्याच वहीत नसतो. त्यामुळे रानातले झुडूप, ते खणणारा आदिवासी आणि ते बांधावर किंवा वावरात लावणारा कोरडवाहू शेतकरी असे तिघेही एकाच वेळी मार खातात. सरकारी योजना तिघांकडे तीन खिडक्यांतून बघतात. गोळा करणाऱ्याला हमीभाव, शेतकऱ्याला अनुदान, जंगलाला कायदा. तिघांचे दुखणे एकच आहे, हे कुठल्याही फायलीत वाचायला मिळत नाही.

आधी झुडपाविषयी, कारण वाद त्याच्या शरीररचनेतूनच निघतो. शतावरीचे खोड लाकडी आणि काटेरी असते, पण ते स्वतःच्या बळावर फारसे उभे राहत नाही. करवंदीच्या नाहीतर बोरीच्या जाळीत घुसून वर चढते. आपल्याला सुयांसारखे जे हिरवे झुपके दिसतात ती खरी पाने नव्हेत, त्या बारीक झालेल्या फांद्या. खरी पाने खवले आणि काटे होऊन बसली आहेत. पाणी उडून जायला जागाच ठेवायची नाही, असा हा बंदोबस्त. जमिनीखाली बोटाएवढ्या जाड, दोन्ही टोकांना निमुळत्या, पांढरट मुळ्यांचा झुबका असतो, आणि झुडपाची सगळी शिल्लक त्यात असते. चैत्र-वैशाखात वरचा भाग वाळून काटक्या झाला तरी खालचा साठा शाबूत राहतो आणि पाऊस पडला की बुंध्यातून जांभळट हिरवा कोंब वर येतो. मोठ्या हॉटेलांत अ‍ॅस्परॅगस म्हणून जे हिरवे दांडे मिळतात ते हिच्याच परदेशी बहिणीचे कोंब. फुलवाले गुच्छात जी मऊ हिरवी जाळी खोचतात तीही याच गोतातली, मूळची दक्षिण आफ्रिकेची. आपल्याकडे शतावरीच्या कोवळ्या कोंबांची भाजी डोंगरातले लोक पिढ्यान्‌पिढ्या खात आले आहेत. हल्ली कृषी विभाग ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो, तेव्हा अशा भाज्या टेबलावर मांडून ठेवतात आणि पाहुणे त्यांचे फोटो काढतात. शतावरी खाण्याचा तो खरा निरुपद्रवी मार्ग. कोंब खुडला तर झुडूप दुसरा काढते.

मुळीचे तसे नाही. झुडपाने दुष्काळासाठी जे राखून ठेवले तेच आपण उचलतो.

खणणे कसे चालते ते जवळून पाहिले की पुढचा हिशेब कळायला वेळ लागत नाही. पावसाळा सरल्यावर, जमीन अजून थोडी ओली असताना हे काम निघते. जाळीत हात घातला तर काटे, म्हणून आधी कोयत्याने वरचा वेल छाटायचा. मग पहारीने बुंध्याभोवती गोल खणत जायचे. डोंगरउतारावर माती थोडी आणि मुरूम फार. मुळ्या दगडांच्या फटींत शिरलेल्या असतात, ओढल्या की अर्ध्या तुटतात आणि तुटलेले टोक तिथेच राहते. झुबका सुटा होतो तेव्हा त्याच्या माथ्यावरचा गड्डा, जिथून कोंब फुटतात तो, मुळ्यांबरोबरच वर येतो. या गड्ड्याला चार-दोन मुळ्या ठेवून तो परत खड्ड्यात बसवला आणि माती दाबली, तर पुढच्या पावसाळ्यात झुडूप पुन्हा धरते. रानातल्या जुन्या माणसांना हे कुणी शिकवावे लागत नाही. पण पैसे किलोवर मिळतात, आणि गड्ड्याला ठेवलेल्या मुळ्या पाटीत मोजल्या जात नाहीत. सांगणाऱ्याने सांगावे, पण त्या वजनाचे पैसे कोण देणार?

पाटी घरी आली की दुसरे काम सुरू होते आणि ते बहुतेक बायकांच्या वाट्याला येते. मुळ्या धुवायच्या, उकळायच्या, गरम असतानाच साल सोलायची, मधली चिवट शीर ओढून काढायची आणि उन्हात वाळवायच्या. ओल्या मुळीत पाणीच फार. वाळल्यावर पाटीचा ओंजळभर माल होतो. 2020 च्या मे महिन्यात केंद्राने गौण वनोपजाच्या, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालाच्या, किमान आधारभूत किमती वाढवल्या तेव्हा सुक्या शतावरीचा दर किलोला 92 रुपयांवरून 107 रुपये झाला. वाढ झाली, चांगलेच झाले. पण जाळी तोडणे, खणणे, वाहून आणणे, उकळणे, सोलणे, वाळवणे हे सगळे त्या 107 रुपयांत. शहरात या पैशात दोन माणसांचा चहा-नाश्ताही धड होत नाही. आणि हाही झाला कागदावरचा दर. खरेदी केंद्र जवळ नसेल, माल थोडा असेल, घरात आज पीठ नसेल, तर माल दारात येणाऱ्या व्यापाऱ्याच्या काट्यावरच जातो.

आता सरकार या मुळीकडे कसे बघते ते पाहू. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाची मालकी मान्य केली. ती फार मोठी गोष्ट होती आणि तिच्यात काडीचीही कपात व्हावी असे मला वाटत नाही. त्या कायद्याच्या व्याख्येत बांबू, मध, मेण, लाख, तेंदूपान यांच्याच ओळीत औषधी वनस्पती, मुळे आणि कंदही बसवले आहेत. हक्काच्या दृष्टीने हे योग्यच. घोळ होतो तो पुढे. 2013-14 पासूनची आधारभूत किमतीची योजना आणि 2018 पासूनची वनधन केंद्रे (हा माल गोळा करून, प्रक्रिया करून विकणारी) अशाच वेगवेगळ्या मालाला एका यादीत घेतात आणि सगळ्यांना एकच मंत्र लावतात, जास्त गोळा करा, जास्त विका. हिरड्याला हे चालते, कारण फळ पडल्यावर झाड तिथेच असते. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीर गावाने सामूहिक वनहक्काच्या जंगलातली सीताफळे स्वतःच्या नाममुद्रेने विकली आणि 2014 साली त्या गावाच्या कामाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला. तिथे विक्री वाढली म्हणून सीताफळीचे काही बिघडत नाही. शहापूरच्या कातकरी तरुणांनी गुळवेल विकून चांगला जम बसवला. गुळवेलीचे खोड कापले तरी खालून पुन्हा फुटते. शतावरीच्या बाबतीत मात्र खरेदीचे उद्दिष्ट जितके वाढवाल तितके खड्डे वाढतात. फळ, पान, डिंक, साल आणि मूळ यांना एकाच दरपत्रकात एकाच न्यायाने बसवणारा माणूस कधी जंगलात गेला नसावा, असे म्हणणे उद्धटपणाचे होईल. गेला असेल, पण दरपत्रक करताना तिथे जे पाहिले ते त्याने घरी ठेवले.

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने 2009 साली रानातून औषधी माल कसा गोळा करावा याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. मुळासाठी खणताना किती ठेवावे, कधी खणू नये, बी पडू द्यावे, हे सगळे त्यात आहे. शतावरी पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलते, पांढऱ्या बारीक फुलांचा सुगंध लांबवर येतो, मग लाल फळे धरतात आणि पक्षी बी पसरवतात. बी पिकायच्या आधी झुडूप उपटले की आजचे गेले आणि उद्याचेही गेले. तत्त्वे चांगली आहेत. फक्त ती पाळणाऱ्याला एक रुपया जास्त मिळेल अशी सोय कुठेच नाही. गड्डा परत पुरणारा आणि न पुरणारा, दोघांचा माल एकाच पोत्यात जातो आणि एकाच दराने.

यावर शहाण्या माणसांचे ठरलेले उत्तर असते. रानातले खणणे थांबवा, शेतात लावा. मलाही तेच हवे आहे, पण त्या वाटेवर काय काय आहे ते नीट बघून. शतावरीची लागवड विकायला येणाऱ्या माणसाचे बोलणे मराठवाड्यात आणि विदर्भात बऱ्याच शेतकऱ्यांनी ऐकले असेल. पाणी लागत नाही, रोग येत नाही, गुरे तोंड लावत नाहीत, पडीक जमिनीतही येते, रोपे आम्ही देतो, माल आम्हीच उचलतो. यातले पहिले वाक्य अर्धे खरे असते आणि शेतकरी नेमका त्याच अर्ध्यावर बुडतो. शतावरी दुष्काळात तगते, हे खरे. तगणे वेगळे आणि पिकणे वेगळे. जाडजूड, वजनदार मुळ्या हव्यात तर भुसभुशीत जमीन, खत आणि उन्हाळ्यात अधूनमधून पाणी लागतेच. काढणीला दीड-दोन वर्षे जातात, तोवर पीककर्जाचे व्याज थांबत नाही. काढणीही कांद्यासारखी होत नाही. खणायचे, धुवायचे, उकळायचे, एकेक मुळी सोलायची. मजूर मिळाला तर मजुरी परवडत नाही.

आणि माल उचलण्याच्या हमीचे काय होते, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. सफेद मुसळीची लाट आपण पाहिली, जिच्या शास्त्रीय नावात आपल्या बोरिवलीचे नाव आहे तीच मुसळी. बेणे महाग, परत खरेदीचे कागद रंगीत, आणि पीक निघेपर्यंत भाव बसलेला. इमू पाळण्याची लाट पाहिली. 2019 साली सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथ कोंबड्यांचे प्रकरण गाजले. शतावरीच्या नावानेही रोपे विकून पसार झालेल्यांच्या तक्रारी शेतकऱ्यांनी केल्या आहेत. सगळीकडे नफा रोपे विकण्यात असतो, माल विकत घेण्यात नसतो. करार करणाऱ्या कंपनीने खरेदीच्या रकमेचा ठरावीक हिस्सा बँक हमी म्हणून आधी ठेवल्याशिवाय तिला रोपे विकता येऊ नयेत, एवढा एक नियम झाला तरी निम्मे एजंट दुसऱ्या धंद्याला लागतील. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

इथे मला दाखवायचे आहे ते त्याखालचे कारण. प्रामाणिक कंपनीशी प्रामाणिक करार झाला तरी शेतातली शतावरी भावात मागे पडते, कारण बाजारात तिच्या शेजारी रानातली मुळी पडलेली असते. शेतकऱ्याच्या मुळीत जमिनीचा खंड आहे, रोपांचा खर्च आहे, दोन वर्षांचे व्याज आहे, पाणी आहे. रानातल्या मुळीत खणणाऱ्याच्या घामाशिवाय काहीच धरलेले नाही, आणि तो घाम स्वस्त आहे कारण त्या माणसाकडे दुसरे काम नाही. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जायला निघतात. निघायच्या आधी चार पैसे हातात यावेत म्हणून ती मिळेल त्या भावाला मुळी देतात. व्यापाऱ्याला दोन्ही पोती सारखीच. मग तो महागडे पोते कशाला घेईल? जोवर रानातली मुळी फुकट आहे तोवर लागवडीला दिलेले प्रत्येक अनुदान उतारावर ओतलेल्या पाण्यासारखे वाहून जाणार. फुकट मालाशी स्पर्धा करून कुठलाही शेतकरी टिकलेला नाही.

म्हणजे रानातल्या मुळीला किंमत लावली पाहिजे. ती लावण्याचे एक हत्यार आपल्याकडे होते. 2002 च्या जैविक विविधता कायद्याने सांगितले की जैविक संपत्तीतून धंदा करणाऱ्याने लाभाचा न्याय्य वाटा ती राखणाऱ्या लोकांना द्यावा. 2014 च्या मार्गदर्शक नियमांत हा वाटा विक्रीच्या प्रमाणात 0.1 ते 0.5 टक्के ठरला. भारतीय कंपन्या म्हणाल्या, हे परदेशी कंपन्यांसाठी आहे, आम्हाला लागू नाही. 2018 च्या डिसेंबरात उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसी या आयुर्वेदिक औषधे बनवणाऱ्या संस्थेच्या खटल्यात ते म्हणणे फेटाळले. न्यायमूर्ती सुधांशू धुलिया यांच्या त्या निकालाचे सार असे की, जंगल राखणाऱ्या स्थानिक समाजाचा हक्क खरेदीदार देशी आहे की परदेशी यावर ठरत नाही. हा निकाल शतावरीसारख्या वनस्पतींसाठी फार मोलाचा होता. अर्धा टक्का म्हणजे किती? जाहिरातीवर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत चिल्लर. पण ती चिल्लर गावाकडे जायला लागली असती तर पहिल्यांदाच रानातल्या मुळीच्या हिशेबात रानाचे नाव आले असते.

पाच वर्षांच्या आत कायदाच बदलला. 2023 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2024 पासून लागू झाली. ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान आणि लागवड केलेल्या औषधी वनस्पती यांना या बंधनातून मोकळे केले गेले, आणि कायद्यातली तुरुंगवासाची शिक्षाही काढून दंड ठेवला. वैद्यांना आणि शेतकऱ्यांना त्रास नको, हे कारण दिले गेले. वैद्याला आणि शेतकऱ्याला त्रास नकोच. स्वतःच्या वावरात लावलेल्या शतावरीवर कुणी हिस्सा मागू नये, याबाबत माझे दुमत नाही. पण शतावरी चरक-सुश्रुतांच्या संहितांत आहे, म्हणून तिच्यावरचे सगळे ज्ञान ग्रंथबद्ध म्हणता येते. आणि कारखान्यात शिरताना तिचे पोते 'लागवडीचे' म्हणून शिरू शकते. कायदा म्हणतो, मूळ ठिकाणाचा दाखला हवा, तो जैवविविधता व्यवस्थापन समितीकडून घ्यायचा. या समित्या ग्रामपंचायतीगणिक आहेत, कागदावर. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मुदत आणि दरमहा दहा लाखांच्या भरपाईची धास्ती घातल्यावर 2020 च्या सुमारास देशभर समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवह्या, म्हणजे गावातल्या वनस्पती-प्राण्यांची नोंद ठेवणाऱ्या वह्या, झपाट्याने उभ्या राहिल्या. कुणी कशा भरल्या हे गावोगाव विचारून पाहावे. अनेक सदस्यांना आपण सदस्य आहोत हेच ठाऊक नसते. अशा समितीच्या शिक्क्यावर मुळी रानातली की शेतातली हे ठरणार. सोलून वाळवलेल्या मुळीकडे बघून तर कुणालाच ते सांगता येणार नाही. सवलत लागवडीच्या कागदाला आहे, तेव्हा कागद लागवडीचेच तयार होतील. ज्या दुरुस्तीने शेतकऱ्याचे भले करायचे होते तिनेच त्याच्या नावावर रानातला माल खपवण्याची वाट मोकळी केली.

दुसऱ्या टोकाला वनप्रेमींची मागणी असते, रानातून मुळी काढायला सरसकट बंदी घाला. मला ती पटत नाही. बंदीचा पहिला फटका पहार हातात असलेल्या माणसाला बसतो, ट्रकच्या मालकाला नाही. बंदी आली की माल चोरीचा होतो, चोरीच्या मालाचा भाव अजून पडतो, आणि जो गड्डा आज पाच-दहा जण तरी परत पुरतात तो उद्या पळत्या पायाने खणताना कोण पुरेल? शिवाय शतावरी ही काही दुर्मीळ वनस्पती नाही. सह्याद्रीत, सातपुड्यात, गडचिरोलीच्या जंगलात ती अजून सर्रास दिसते. आपली सवय अशी की एखादी गोष्ट धोक्याच्या यादीत आल्याशिवाय तिची दखल घ्यायची नाही. मुबलक आहे तोवर ओरबाडायची आणि संपत आली की बंदीचा बोर्ड लावायचा, यात सोय फक्त बोर्ड रंगवणाऱ्याची.

मधली वाट आहे, आणि ती महाराष्ट्राला परकी नाही. 2009 साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने 2011 साली बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेकडे आणून दाखवला. पुढे विदर्भातल्या ग्रामसभांनी तेंदू आणि बांबू स्वतः विकले, ठेकेदाराशी समोरासमोर बसून भाव ठरवले. त्याच वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने ग्रामसभेला जंगल राखण्याचा, म्हणजे नियम करण्याचाही अधिकार दिला आहे. शतावरीसाठी तो वापरता येतो. जंगलाचे पाच-सहा भाग पाडायचे, एका हंगामात एकाच भागात खणायचे, बाकीचे पडू द्यायचे. फळ पिकण्याआधी पहार उचलायची नाही. गड्डा पुरलाच पाहिजे, न पुरणाऱ्याचा माल ग्रामसभेच्या काट्यावर घ्यायचा नाही. बाहेरगावच्या टोळीला तर मुळीच नाही. आज मोठी लूट होते ती अशाच टोळ्यांकडून. व्यापाऱ्याची मागणी आली की वीस माणसे टेम्पोतून येतात, दोन दिवस डोंगर पोखरतात आणि जातात. गावच्या माणसाला पुढच्या वर्षी त्याच डोंगरावर जायचे असते, त्यांना नसते.

हे सगळे ग्रामसभेने फुकटात करावे, ही अपेक्षा मात्र अन्यायाची आहे. राखणीला माणूस लागतो, काट्याला माणूस लागतो, एका भागात खणायचे म्हणजे बाकीच्या भागांचे उत्पन्न सोडायचे. म्हणून आधारभूत किमतीच्या यादीतून मुळे आणि साली वेगळ्या काढाव्यात. त्यांचा दर दुहेरी असावा. एक खणणाऱ्याच्या मजुरीचा, दुसरा ग्रामसभेच्या खात्यात जाणारा, जंगलाच्या राखणीचा. आणि ग्रामसभेचा ठराव व वाहतूक परवाना सोबत नसलेली रानातली मुळी सरकारी केंद्राने घेऊच नये. दर त्यामुळे चढेल. चढावाच. तो शेतातल्या मुळीच्या खर्चाजवळ आला की कारखानदाराला लागवड परवडू लागेल, आणि शेतकऱ्याला वेगळ्या अनुदानाची गरज आजच्याइतकी उरणार नाही. कायद्याच्या दुरुस्तीला हात घालायला तयार असलेल्या खासदारांसाठी मागणी सोपी आहे. लागवडीची सूट ठेवा, पण ती सातबाऱ्यावरच्या पीकनोंदीला जोडा. ई-पीक पाहणीत शेतकरी आता पिकाचा फोटो काढून नोंद करतोच. जिथे शतावरी उभी असल्याची नोंद नाही, तिथून टनावारी शतावरी निघाल्याचा दाखला चालणार नाही.

उरला मागणीचा प्रश्न. शतावरीने अंगावरचे दूध वाढते, ही समजूत जुनी आहे आणि तिच्यामागे पिढ्यांचा अनुभव सांगितला जातो. आधुनिक पद्धतीने झालेले अभ्यास मात्र थोडे, लहान आणि परस्परांशी न जुळणारे आहेत. यावर मी जास्त बोलणार नाही. बाळंतिणीच्या बाबतीत डॉक्टरचे ऐकावे. एवढे मात्र म्हणतो की आज या मुळीला फक्त बाळंतीण गिऱ्हाईक नाही. दुभत्या जनावरांच्या पूरक खाद्यात शतावरी जाते, पुरुषांच्या ताकदीच्या गोळ्यांत जाते, बायकांच्या आरोग्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पावडरींत जाते. आयुर्वेदाच्या नावाने उभा राहिलेला हा बाजार आयुर्वेदाच्याच एका अटीकडे काणाडोळा करतो. औषधी कुठल्या जमिनीतून, कुठल्या ऋतूत, कशी उपटावी याचे नियम जुन्या संहितांत बारकाईने दिले आहेत. डब्यावर संहितेचे नाव छापणाऱ्यांनी तिचे ते पानही वाचावे.

कारखानदारांकडून या सगळ्यावर येणारी हरकत ठरलेली असते. मुळी महाग झाली तर औषध महाग होईल, गरिबाला परवडणार नाही. ही हरकत तपासणे कठीण नाही. डबाभर कल्पात शतावरी किती आणि साखर किती, डब्याच्या किमतीत मुळीचा खर्च किती आणि जाहिरात, वेष्टन, दुकानदाराचे कमिशन किती, हे आकडे त्यांच्याकडे आहेत. ते त्यांनी मांडावेत. माझा अंदाज असा की मुळीचा भाव दुप्पट झाला तरी डब्याच्या किमतीत पडणारा फरक कुठल्याही सणाच्या सवलतीत झाकून जाईल. अंदाज चुकीचा असेल तर त्यांचे हिशेब तो खोडून काढतील. तोवर अन्न व औषध प्रशासनाने एक काम करायला हरकत नाही. शतावरी असलेल्या प्रत्येक डब्यावर मुळीचे प्रमाण, ती रानातली की लागवडीची, आणि कुठल्या जिल्ह्यातून आली, या तीन गोष्टी मराठीत आणि वाचता येतील अशा अक्षरांत छापायला लावाव्यात. रानातली असेल तर ग्रामसभेचे नावही.